घरच्या घरी ‘चांदीचं पाणी’ : ग्लासात नेमकं काय तयार होतं आणि ते का पिऊ नये?

नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, चांदीच्या दोन तारा, दोन चिमटे आणि ग्लासभर डिस्टिल्ड वॉटर. एवढ्या साहित्यात ‘कोलायडल सिल्व्हर’ घरी तयार करायची कृती इंटरनेटवर आणि मोबाईलवर बरीच वर्षे फिरते आहे. कोणी त्याला चांदीचं पाणी म्हणतं, कोणी रौप्यजल. रोज दोन चमचे घ्या, सर्दीपासून साखरेपर्यंत सगळं आटोक्यात येतं, असा दावा त्यासोबत असतोच.

आपल्या सीमाभागात ही कृती कोणालाही सहज करून बघावीशी वाटेल, कारण चांदी आपल्याला परकी नाही. निपाणीहून सीमा ओलांडली की पैंजणांसाठी देशभर माहीत असलेलं हुपरी. हुपरी-रेंदाळच्या पट्ट्यात चांदीचं काम घराघरांत चालतं. बेळगावात शहापूरची सराफ गल्ली. पाटीवर मराठीत चांदी, कन्नडात बेळ्ळी. घरात बाळाचं बोंडलं, चांदीची वाटी आणि देवघरात आजीने जपलेला राणीछाप रुपया. त्यामुळे ‘चांदीच तर आहे, विष थोडंच आहे,’ असं वाटणं साहजिक आहे.

पण वाटीतली चांदी आणि बॅटरीने पाण्यात उतरवलेली चांदी या रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक एकदा नीट समजला की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

कोलायड म्हणजे काय?

पाण्यात मीठ टाकून ढवळलं की ते दिसेनासं होतं. मिठाचे अगदी सुटे, विद्युतभारित अणू पाण्यात पसरतात. त्यांना आयन म्हणतात. हे झालं द्रावण. पाण्यात वाळू टाकली तर ती तळाशी बसते. या दोन्हींच्या मधली अवस्था म्हणजे कोलायड. त्यातले कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, पण सुट्या अणूपेक्षा कितीतरी मोठे असतात आणि ते तळाशी न बसता तरंगत राहतात. दूध हे कोलायड आहे, पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात उतरणारं धुकंही कोलायडच.

कोलायडमधल्या कणांचा आकार साधारण एक ते हजार नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चांदीच्या खऱ्या कोलायडमधले कण बहुधा दहा ते शंभर नॅनोमीटरचे असतात आणि अशा एका कणात चांदीचे हजारो-लाखो अणू एकत्र असतात.

म्हणजे पाण्याच्या संदर्भात चांदी तीन रूपांत भेटते:

- धातू : वाटी, तार, नाणं. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.
- कण : धातूचेच नॅनोमीटर मापाचे तुकडे, पाण्यात तरंगणारे. हे खरं कोलायडल सिल्व्हर.
- आयन : एक इलेक्ट्रॉन गमावलेला चांदीचा सुटा अणू. हा पाण्यात विरघळलेला असतो आणि तिघांत सर्वांत जास्त क्रिया करणारा हाच.

घरी बॅटरीवर जे तयार होतं त्याला नाव कोलायडल सिल्व्हरचं दिलं जातं, पण त्यात बहुतांश चांदी तिसऱ्या रूपात, म्हणजे आयन म्हणून असते. कण असतात ते थोडे.

ग्लासात काय घडतं?

दोन तारा पाण्यात सोडून बॅटरी जोडली की विद्युत अपघटन सुरू होतं.

बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या तारेवर चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडून आयन होतो आणि पाण्यात उतरतो. ही तार हळूहळू झिजते. ऋण टोकाच्या तारेवर पाणी फुटतं. तिथे हायड्रोजनचे बारीक बुडबुडे येतात आणि पाण्यात हायड्रॉक्साइडचे आयन तयार होतात.

चांदीचे आयन आणि हायड्रॉक्साइड एकत्र आले की सिल्व्हर हायड्रॉक्साइड होतं. ते टिकत नाही, त्यातून तपकिरी-काळपट सिल्व्हर ऑक्साइड तयार होतं. हे ऑक्साइड पाण्यात फार विरघळत नाही. साध्या तापमानाला एका लिटरमध्ये साधारण 13 ते 25 मिलिग्रॅम, बस्स. त्यापुढे कितीही वेळ बॅटरी चालू ठेवली तरी पाण्यात विरघळलेली चांदी फारशी वाढत नाही. जास्तीची चांदी तारेवर काळ्या बुरशीसारखी लोंबते किंवा तळाशी साक्यासारखी बसते.

काही आयन ऋण तारेपर्यंत पोचतात, तिथे इलेक्ट्रॉन परत घेतात आणि पुन्हा धातू होतात. त्यातले काही कण तारेवरून सुटून पाण्यात येतात. घरच्या ग्लासात कोलायड म्हणावं असं जे थोडंफार असतं, ते हेच.

रंगावरून काय कळतं?

चांदीचे दहा-वीस नॅनोमीटरचे कण प्रकाशातला जांभळा-निळा भाग, साधारण 400 नॅनोमीटर तरंगलांबीचा, शोषून घेतात. म्हणून खरं कोलायडल सिल्व्हर पिवळं दिसतं. कण एकमेकांना चिकटून मोठे झाले की रंग बदलत करडा होतो. आयन मात्र रंगहीन असतात. म्हणजे पाण्यासारखं नितळ ‘कोलायडल सिल्व्हर’ कोणी दाखवत असेल तर त्यात बहुतेक करून आयनच आहेत, असं समजायला हरकत नाही.

यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. पहिली, अंधारात ग्लासातून लेझर टॉर्चचा झोत सोडणे. कण असतील तर झोताची रेघ पाण्यात स्पष्ट दिसते, धुक्यात गाडीच्या दिव्याचा झोत दिसतो तशी. याला टिंडल परिणाम म्हणतात. दुसरी, थोडं पाणी वेगळं घेऊन त्यात मिठाची चिमूट टाकणे. पांढरट ढग आला तर आयन आहेत. तो ढग सिल्व्हर क्लोराइडचा. हा मिठाचा ढग लक्षात ठेवा, पुढे पोटाच्या संदर्भात त्याचंच काम आहे.

किती चांदी उतरते? साधा हिशेब

मायकल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1830 च्या दशकात मांडलेला नियम इथे कामाला येतो. जितकी वीज वाहते, तितक्या प्रमाणात धातू उतरतो. चांदीसाठी हिशेब असा, की एक मिलीअँप प्रवाह एक तास वाहिला तर साधारण 4 मिलिग्रॅम चांदी तारेवरून सुटते.

पाव लिटरच्या ग्लासात ही 4 मिलिग्रॅम चांदी गेली तर लिटरमागे 16 मिलिग्रॅम, म्हणजेच 16 पीपीएम. प्रवाह तीन मिलीअँप झाला तर तासाभरात 12 मिलिग्रॅम.

अडचण अशी की घरी प्रवाह एकसारखा राहत नाही. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज जेमतेम जाते, म्हणून सुरुवातीला प्रवाह अगदी क्षीण असतो. पण आयन तयार झाले की पाणी जास्त वीज वाहू लागतं, प्रवाह वाढतो, आणखी आयन उतरतात, प्रवाह आणखी वाढतो. ग्लास तसाच ठेवून कोणी भाजी आणायला गेलं, तर परत येईपर्यंत काय झालं याचा पत्ता लागत नाही. त्यात किती चांदी पाण्यात राहिली, किती दुसऱ्या तारेवर बसली आणि किती काळा साका होऊन तळाशी गेली, हे घरी मोजायची सोय नाही. काल केलेलं पाणी आणि आज केलेलं पाणी एकाच ताकदीचं असेल याची खात्री करणारालाही नसते.

घरी हमखास चुकतं ते इथे

पाणी. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं. निपाणीला जवाहर तलाव आणि वेदगंगेचं. खेड्यात बोअरचं. नळाच्या पाण्यात क्लोरिन घातलेलं असतं, बोअरच्या पाण्यात क्षार असतात. दोन्हीकडे क्लोराइड आहेच. अशा पाण्यात चांदीचे आयन उतरता क्षणी क्लोराइडशी जुळतात आणि पाणी गढूळ पांढरं होतं. उजेडात ठेवलं की तेच करडं-जांभळं पडतं. काहींना वाटतं, ‘बघा, किती दाट झालं!’ ते दाट चांदीचं पाणी नसून सिल्व्हर क्लोराइडचा साका असतो.

बॅटरीचं पाणी. डिस्टिल्ड वॉटर म्हणून गॅरेजमधून किंवा पेट्रोल पंपावरून कॅन आणला जातो. ते पाणी इन्व्हर्टरच्या आणि गाडीच्या बॅटरीसाठी असतं, पिण्यासाठी भरलेलं नसतं. त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही मिळतं, ही आणखी एक काळजीची बाब.

मिठाची चिमूट. वीज लवकर वाहावी म्हणून काही कृतींत पाण्यात मीठ टाकायला सांगतात. वरचा मिठाचा ढग आठवा. मीठ टाकलं की कोलायड राहिलं बाजूला, थेट सिल्व्हर क्लोराइड तयार होतं.

चांदीचा टंच. हा मुद्दा आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा. पैंजण, जोडवी, जुनी साखळी यांत शुद्ध चांदी नसते. टंच कमी-जास्त असतो आणि उरलेला भाग मुख्यतः तांबं. जोडाच्या ठिकाणी दिलेल्या डाखात तांबं आणि जस्त असतं. जुन्या डाखात कॅडमियमही असू शकतं, आणि कॅडमियम हे मूत्रपिंडाला घातक आहे. अशी वस्तू धन टोकाला जोडली की चांदीच्या आधी हे हलके धातू पाण्यात उतरतात, कारण ते चांदीपेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडतात.

जुन्या नाण्यांचंही तेच. राणीछाप रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं. 1940 पासूनच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयात तर चांदी निम्मीच उरली. बाकी 40 टक्के तांबं, 5 टक्के निकेल, 5 टक्के जस्त. हा रुपया बॅटरीला जोडून केलेलं पाणी पिणं म्हणजे तांबं आणि निकेलसुद्धा पिणं. वर घरातली जुनी वस्तू खराब होते ती वेगळीच.

टीडीएस पेन. आरओ बसवणारा माणूस देऊन जातो तो टीडीएस पेन ग्लासात बुडवून ‘बारा पीपीएम आलं’ असं सांगितलं जातं. तो पेन फक्त पाणी किती वीज वाहतं ते बघतो आणि मिठाच्या हिशेबाने आकडा दाखवतो. चांदी की तांबं, हे त्याला ओळखता येत नाही. कण तर त्याला दिसतच नाहीत. पाण्यातली चांदी खरोखर मोजायची तर प्रयोगशाळेतलं अणुशोषण वर्णपटमापक यंत्र लागतं.

प्रयोगशाळेत खरं कोलायड कसं करतात?

चांदीचं कोलायड ही काही नवी वस्तू नाही. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ कॅरी ली यांनी 1889 मध्येच सिट्रेटच्या मदतीने ते तयार केलं होतं. आजही महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचं अगदी पातळ द्रावण उकळून त्यात सोडियम सिट्रेट घालतात. सिट्रेट दोन कामं करतं. एक, ते आयनांना इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा चांदीचे अणू बनवतं. दोन, तयार झालेल्या कणाभोवती ऋणभाराचं कवच धरतं. सगळ्या कणांवर सारखाच भार असल्याने ते एकमेकांना ढकलतात, चिकटत नाहीत. कोलायड टिकतं ते या कवचामुळे. घरच्या ग्लासात असं कवच देणारं काहीच नसतं, म्हणून तिथले थोडेसे कणही काही दिवसांत एकत्र येऊन खाली बसतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003-04 च्या सुमारास जिरेनियमच्या आणि कडुलिंबाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण तयार करून दाखवले. पानांतले घटकच आयनांचे कण करतात आणि कवचही देतात. या कामाचा जगभर उल्लेख होतो. पण ‘कडुलिंबाने होतं’ म्हणजे ‘प्यायला चालतं’ असं नाही. ती कण बनवण्याची रीत आहे, औषधाची नव्हे.

सिल्व्हर नायट्रेट कुठून येतं? चांदी तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात विरघळवून. चांदीची आटणी आणि शुद्धीकरण करणाऱ्यांना ही क्रिया ओळखीची आहे. त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की तांबं विरघळतं आणि चांदी बाहेर पडते. मीठ घातलं तर दह्यासारखा पांढरा साका बसतो. पण तेजाबातून उठणारा तांबूस धूर फुप्फुसाला घातक असतो, आणि त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. हे काम स्वयंपाकघरात करायचं नाही. तसंच चांदीचं ऑक्साइड किंवा नायट्रेट अमोनियात मिसळून ठेवू नये. त्यातून हात लागताच फुटणारा काळा स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो.

चांदीने जंतू मरतात, हे खरं. मग पोटात का नाही?

चांदीचा जंतुनाशक गुण खोटा नाही. अत्यल्प चांदीनेही पाण्यातले सूक्ष्मजीव मरतात, हे एकोणिसाव्या शतकातच नोंदलं गेलं. जर्मनीत लाइपझिगच्या क्रेडे या प्रसूतितज्ज्ञांनी 1880 च्या दशकात नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत सुरू केली आणि त्याने असंख्य बाळांची दृष्टी वाचली. भाजलेल्या जखमेवर लावतात तो पांढरा मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, 1960 च्या दशकापासून वापरात आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर यांच्या गटाने चांदीच्या नॅनोकणांचं जखमेवर लावायचं जेल विकसित केलं. त्यावरचा शोधनिबंध 2009 चा. त्याच वर्षी डिसेंबरात बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या वीज न लागणाऱ्या फिल्टरमध्ये भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते.

या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. चांदी बाहेरच काम करते: त्वचेवर, डोळ्याच्या पृष्ठभागावर, फिल्टरच्या राखेवर. यांतल्या कुठल्याच ठिकाणी ती घोट घेऊन पोटात पाठवलेली नाही.

कारण रसायनात आहे. चांदीचा आयन जंतूच्या शरीरातल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटतो, त्याचं आवरण आणि श्वसन बिघडवतो, म्हणून जंतू मरतो. पण आयन मोकळा असेल तरच हे शक्य. आपल्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे भरपूर क्लोराइड. आयन तिथे पोचला की मिठाचा ढग तयार होतो तसंच होतं. त्यातून जे निसटतं ते अन्नातल्या आणि रक्तातल्या प्रथिनांच्या गंधकाला चिकटतं. जंतूपर्यंत मोकळा आयन पुरेशा प्रमाणात पोचतच नाही. काचेच्या बशीत जंतू मेल्याचा व्हिडिओ खरा असू शकतो. पण आपलं पोट म्हणजे काचेची बशी नाही.

उरलेली चांदी जाते कुठे?

पोटात गेलेल्या चांदीतली बरीचशी शौचावाटे बाहेर पडते. थोडी मात्र रक्तात शिरते आणि शरीरभर पसरते. त्वचेत ती आयनाच्या रूपात पोचते, आणि उजेड पडला की तिचे धातूचे बारीक कण होतात.

जुन्या फोटो स्टुडिओत काम केलेल्यांना हे लगेच कळेल. कृष्णधवल फिल्मवर चांदीचा क्षार असायचा, उजेड लागला की तिथे काळी चांदी उमटायची. त्वचेत तेच होतं. पुढे हे कण गंधक आणि सेलेनियमशी जुळून आणखी पक्के बसतात. चेहरा, मान, हात, नखांची मुळं, जिथे ऊन लागतं तिथे त्वचा राखाडी-निळी पडते. या अवस्थेला आर्जिरिया म्हणतात. फिल्मवरची नको असलेली चांदी हायपोने धुता यायची. त्वचेतली चांदी धुणारं औषध नाही. लेझरने काही रुग्णांत फरक पडतो, पण उपचार वेदनादायक आणि खर्चिक असतो. बहुतेकांना हा रंग जन्मभर राहतो.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले राजकारणी स्टॅन जोन्स यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. 2000 साल उजाडताच संगणक बंद पडतील आणि प्रतिजैविकं मिळणार नाहीत, या भीतीने त्यांनी 1999 मध्ये कोलायडल सिल्व्हर घरी तयार करून प्यायला सुरुवात केली. संगणक बंद पडले नाहीत. पण 2002 ला सिनेटच्या निवडणुकीत ते उभे राहिले तेव्हा त्यांची त्वचा निळसर-करडी झालेली होती.

मर्यादा किती? आकडे काय सांगतात

- भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात चांदी लिटरमागे जास्तीत जास्त 0.1 मिलिग्रॅम. वरच्या उदाहरणातलं 16 पीपीएमचं घरगुती पाणी याच्या 160 पट.
- अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनुसार रोजची मर्यादा शरीराच्या प्रत्येक किलोमागे 5 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 0.3 मिलिग्रॅम. पाव लिटरचा तो ग्लास रोज संपवला तर 4 मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या तेरा पट.
- जागतिक आरोग्य संघटनेने आयुष्यभरात मिळून साधारण 10 ग्रॅम चांदी हा पल्ला धरला आहे. रोज 4 मिलिग्रॅमने तो पल्ला सात वर्षांत गाठला जातो.

दोन चमच्यांत हिशेब मर्यादेच्या आसपास राहील, असं कोणी म्हणेल. पण त्या चमच्यातलं पाणी 5 पीपीएम आहे की 25, हे घरी कळत नाही, हाच तर मूळ प्रश्न आहे. शिवाय मर्यादेत राहिलं म्हणून फायदा होतो असं नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑगस्ट 1999 मध्येच जाहीर केलं, की चिठ्ठीविना विकली जाणारी कोलायडल सिल्व्हरची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. मार्च 2020 मध्ये कोरोनावर उपाय म्हणून अशी उत्पादनं विकणाऱ्यांना तिथे इशारापत्रं गेली. आपल्याकडे 1954 चा औषधे व जादूचे उपाय कायदा आहे. मधुमेह, कर्करोग अशा यादीतल्या आजारांवर हमखास उपाय म्हणून जाहिरात करायला तो मनाई करतो. परवान्याशिवाय औषध बनवून विकणंही गुन्हाच आहे, मग ते कागल तालुक्यात असो नाहीतर चिकोडीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बाळाला चांदीच्या बोंडल्यातून, वाटीतून पाजलेलं चालतं का?
चालतं. धातूच्या रूपातल्या चांदीतून पाण्यात वा दुधात उतरणारा अंश अगदी नगण्य असतो. तिथे बॅटरी नाही, जबरदस्तीने अणू उतरवणं नाही. फक्त भांड्याचा टंच चांगला असावा आणि ते रोज गरम पाण्याने धुवावं. बोंडल्याच्या नळीत दूध साचून राहिलं तर धोका त्या दुधाचा आहे, चांदीचा नाही.

मिठाईवरचा वर्ख?
वर्ख म्हणजे धातूचा अतिशय पातळ पापुद्रा. खाण्याच्या वर्खाला शुद्धतेची अट आहे, हजारात 999 भाग चांदी. सणावारी खाल्लेल्या वर्खाने काही बिघडत नाही. मात्र चांदीच्या नावाखाली ॲल्युमिनियमचा वर्ख खपवला जातो, तेवढं बघून घ्या.

आयुर्वेदातलं रौप्य भस्म म्हणजे हेच का?
नाही. भस्म करण्याची प्रक्रिया वेगळी, तयार होणारा पदार्थ वेगळा. ते वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. भस्माचा दाखला देऊन बॅटरीचं पाणी पाजणं ही दिशाभूल आहे.

एकदोनदा प्यायलं असेल तर?
घाबरू नका. दोन-चार घोटांनी कोणी निळं पडत नाही. पण पुढे थांबवा. महिनोन् महिने घेतलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हिरड्यांच्या कडेला करडी रेघ किंवा नखांच्या मुळाशी निळसर झाक ही सुरुवातीची खूण असू शकते.

इतर गोळ्या चालू असतील तर?
डॉक्टरांना आवर्जून सांगा. थायरॉईडची गोळी आणि काही प्रतिजैविकं यांचं शोषण चांदीमुळे कमी होऊ शकतं. गोळी घेऊनही गुण येत नाही, आणि कारण कळत नाही, असं होतं.

जखमेवर किंवा भाजल्यावर लावलं तर?
घरच्या ग्लासातलं पाणी निर्जंतुक नसतं. भाजल्यावर आधी वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, मग डॉक्टरांकडे जा. चांदीचा मलम लागत असेल तर ते लिहून देतील. त्यात चांदी किती, ते डबीवर छापलेलं असतं.

मुलांना विज्ञानाचा प्रयोग म्हणून करून दाखवू का?
शिक्षकांसमोर, शुद्ध चांदीची तार घेऊन, जरूर दाखवा. विद्युत अपघटन, टिंडल परिणाम, मिठाचा ढग, उजेडात त्याचं काळं पडणं, सगळं एका ग्लासात दिसतं. प्रयोग झाला की ग्लासावर ‘पिऊ नये’ अशी चिठ्ठी लावा आणि त्यात मीठ टाकून चांदी साक्यात बसवा. तो साका नाल्यात ओतू नका, प्रयोगशाळेच्या टाकाऊ बाटलीत ठेवा. चांदी माणसापेक्षा पाण्यातल्या मासे-शेवाळाला लवकर बाधते.

शेवटी लक्षात ठेवायचं ते एवढंच

घरी तयार होणारं चांदीचं पाणी हे बहुतांश कोलायड नसून चांदीच्या आयनांचं द्रावण असतं. त्याची ताकद घरी मोजता येत नाही. पोटात ते जंतू मारत नाही आणि त्यातली थोडी चांदी शरीरात कायमची राहते. तरीही सगळ्यात मोठं नुकसान निळ्या त्वचेचं नाही. ‘चांदीचं पाणी चालू केलंय’ म्हणून कोणी साखरेची गोळी बंद करतं, तापाच्या आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला दोन दिवस उशीर करतं, तिथे खरा धोका आहे. असा उशीर पुढे भरून काढता येत नाही.

सराफ कट्ट्यावर आपण टंच बघितल्याशिवाय चांदी घेत नाही. जी चांदी पायात घालायची तिची एवढी पारख करतो, तर जी पोटात जाणार तिची पारख न करता घोट का घ्यायचा?